खांदे उतरेपर्यंत

माझ्या भाऊजींना कुणी ‘गादीवाले’ म्हटलेलं खपत नाही. “गादी झोपायला असते. मी सीट करतो. झोपायचं असेल तर घरी जा,” असं ते समोरच्याला तोंडावर सांगतात, आणि समोरचा बिचारा नुसता पत्ता विचारायला आलेला असतो. मोटारींच्या, मोटरसायकलींच्या सीटा करण्यात त्यांचा जन्म गेला. मधूनच एखाद्या दंतवैद्याची खुर्ची, एखाद्या नाट्यगृहाच्या दोन रांगा. उंचीनं बेताचे, इतके बेताचे की दुकानाचं शटर खाली ओढायला आकडा लावलेली काठी लागते. जीभ मात्र लांब. अशा माणसाचं दुकान चाललं कसं, असं लोक विचारतात. चाललं ते माझ्या ताईमुळे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी फोम कापायचे, ताई वरचं कव्हर शिवायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे बोळ. मागच्या खिडकीशी ताईचं मशीन, मध्ये भाऊजींचं टेबल, आणि सगळीकडे फोमचा भुगा. चहाच्या कपात भुगा, ताईच्या केसात भुगा, माझ्या पर्समध्ये भुगा. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास तर असा की नवखा माणूस दहा मिनिटांत उगीच आनंदी व्हायचा. मूलबाळ नव्हतं. दोघं सकाळी दुकानात यायची, संध्याकाळी घरी जायची, आणि एकमेकांशी काय बोलायची ते देव जाणे. मला तर दोघांचं बोलणं “कात्री”, “ही घे” याच्या पुढे गेलेलं आठवत नाही.

भाऊजींची कामाची एक तऱ्हा होती. उघड्या फोमवर खडूची पूड भुरभुरायची, त्यावर काळं कापड टाकायचं आणि गिऱ्हाइकाला बसवायचं. नुसतं बसवायचं. गिऱ्हाईक अवघडून इकडे तिकडे बघायचं, भाऊजी त्याच्याभोवती फिरत राहायचे. मग कापड उलटं करून बघायचे. भार जिथे जास्त तिथे पांढरं दाट. तिथला फोम सुरीनं तासायचा, पुन्हा पूड, पुन्हा कापड. “आता ठीक आहे” असं गिऱ्हाईक शपथेवर सांगत असलं तरी ते ऐकायचे नाहीत. “तोंड खोटं बोलतं. खांदे उतरले पाहिजेत,” हे त्यांचं म्हणणं. आणि खरंच, सीट जमली की बसलेल्या माणसाचे खांदे त्याच्या नकळत खाली यायचे. ते दिसलं की भाऊजी टेबलावर थाप मारायचे आणि ताई मशीन सुरू करायची. खांदे उतरले नाहीत तर सीट दुकानाबाहेर जायची नाही. एक सैन्यातला मोठा अधिकारी गाडी आणून रागारागानं म्हणाला होता, “मला संध्याकाळी निघायचंय.” ताईनं मशीनवरून मान न उचलता सांगितलं, “मग चालत जा.” तो जन्मभराचं गिऱ्हाईक झाला.

मी बसच्या आरक्षणाच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना लांबलांबची तिकिटं देते आणि संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून ताईच्या दुकानात जाते. माझा प्रवास एवढाच.

एकदा असाच एक जमीन मोजणारा तरुण दुकानात आला. त्याची मोटरसायकल दारात उभी केली तर दारातला उजेडच गेला. इंजिन लहानच, दोनशे सीसीच्या आतबाहेरचं, पण पाय लांब. पुढचं चाक मोठं, त्याच्यावर चोचीसारखा निघालेला मडगार्ड, सायलेन्सर वर उचललेला, पोटाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा. त्याला सीट थोडी खाली करून हवी होती. भाऊजी कामाला लागले. ताई मशीनवरून उठली, लंगडत दारापर्यंत गेली आणि त्या गाडीकडे बघत राहिली.

लंगडत म्हणजे, तेव्हा तिचा डावा खुबा दुखत होता. झीज आहे, वय झालं, पायानं मशीन मारून मारून होतं, असं डॉक्टर सांगत होते. आम्हीही तेच धरून चाललो होतो. बसताना ती सगळा भार उजवीकडे टाकायची आणि उजवीकडे कलून शिवायची.

“ही खडीवरून जाते?” तिनं त्या तरुणाला विचारलं.

“खडीवरून काय, ओढ्यातूनसुद्धा जाते, मावशी.”

ताई पुन्हा मशीनशी जाऊन बसली. पण कात्री मागायची सोडून त्या संध्याकाळी तिनं भाऊजींना दुसरंच काही मागितलं. मी तिथे होते म्हणून सांगते. म्हणाली, “मला एकदा स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचंय.”

हे स्टेशन म्हणजे आमचं लहानपण. आमचे वडील रेल्वेत सांधेवाले होते, गाडी आली की रुळांचा सांधा बदलून तिला वाट करून द्यायचे. फाट्यावरून आत गेलेली ती एकेरी लाइन, शेवटच्या आधीचं स्टेशन, एक फलाट, एक नळ, एक बाक आणि फलाटामागे आमची दोन खोल्यांची जागा. शाळेतून आलो की आम्ही दोघी त्या बाकावर बसायचो. वडील सांधा टाकून हिरवा झेंडा दाखवायचे, गाडी जायची, आणि मग उरलेल्या दिवसात काहीही घडायचं नाही. पुढे लाइन तोट्यात गेली, बंद पडली, रूळ उखडून नेले. राहिली ती खडी. फाट्यापर्यंत माझी बस जाते, पण तिथून पुढे धडधाकट माणसाला अर्धा दिवस चालावं लागेल, आणि मध्ये एक अरुंद पूल आहे ज्यावरून चारचाकी जात नाही. भाऊजींची स्कूटर खडीत रुतते. त्यामुळे ताई कधी गेली नाही. मीही नाही. मला जायचंही नव्हतं, मला त्या बाकाचं काही कौतुक नाही. ताईला होतं. तिनं सगळ्या जन्मात नवऱ्याकडे मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट.

भाऊजी म्हणाले, “बघू.” आणि दुसऱ्याच दिवशी शोरूमला निघाले. “तू पण जा गं धाकटे,” ताई मला म्हणाली, “नाहीतर ते तिथल्या पोराशी भांडतील.” शेवटी तिघंही गेलो.

तिथला विक्रेता गोड बोलणारा होता. भाऊजी त्या उंच गाडीवर चढले आणि दोन्ही पाय हवेत राहिले. एक अंगठा जेमतेम टेकला. विक्रेत्यानं हसू दाबून शेजारची एक ठेंगणी गाडी दाखवली. “काका, तुमच्यासाठी ही बघा. घरगुती आहे.”

“मी बुटका आहे, रस्ता नाही,” भाऊजी म्हणाले.

मग तो इंजिनाची ताकद, शॉकअप किती दबतो, टाकीत किती पेट्रोल मावतं ते सांगू लागला. भाऊजींचं लक्षच नव्हतं. ते खाली उतरून मागच्या सीटवर अंगठा दाबत होते. एका बाजूनं दाबला, दुसऱ्या बाजूनं दाबला. “दगडाला रेक्झिन लावलंय,” ते म्हणाले. “सीट इथेच ठेवून घेता का? उगाच ओझं कशाला न्यायचं?” विक्रेत्याला हा विनोद आहे की मागणी ते कळेना. ताई भिंतीला टेकून हसत होती. खुब्यावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिचं तसं हसणं मी पुन्हा पाहिलं नाही.

गाडी आली. मी तिचं नाव उंट ठेवलं. आधीच भाऊजी म्हणजे दुसऱ्याला अक्कल शिकवणारे, त्यात आता खरंच उंटावरचे शहाणे झाले. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हटलं तर म्हणाले, “तुझ्या खिडकीपेक्षा तरी उंचावरून दिसतं.” स्वतःच्या पुढच्या सीटचं काम त्यांनी एका दुपारी उरकलं. फोम कापला, तरी टाच टेकेनाच. “माझं चालतं,” म्हणाले आणि शिकायला लागले. धान्याच्या गोदामामागचं मैदान होतं, तिथे सकाळी जायचे. वळताना पाय टेकायला गेले की जमीन जिथे असायला हवी तिथे नसायची आणि उंट त्यांना घेऊन आडवा व्हायचा. एकदा बेकरीच्या दारात पडले. बेकरीवाला धावत आला, तर आडव्या गाडीखालून ओरडले, “आधी गाडी उचला, मला काही झालेलं नाही!” पेट्रोल सांडतंय म्हणून. गुडघा फुटला होता तो ताईनं घरी गेल्यावर पाहिला.

पण शिकले. माणूस चिवट. थांबायच्या आधी ढुंगण एका बाजूला सरकवून एकच पाय टेकायचा, चढावर क्लच अर्धा धरून ठेवायचा, खडीवर हँडल घट्ट धरायचं नाही, उलट सैल सोडायचं आणि पायठेवणीवर उभं राहायचं, हे सगळं त्यांना जमलं. एका रविवारी एकटे फाट्याला गेले, तिथून पुलापर्यंत खडीवरून जाऊन आले. चष्म्यावर चिखल, दाढीत धूळ, आणि चेहरा असा की मी त्यांना ओळखलंच नाही. म्हणाले, “पूल शाबूत आहे. पत्रे वाजतात पण धरतात. पुढे गेलो नाही, पुढचं दोघं मिळून बघू.” खिशातून खडीचा एक दगड काढून त्यांनी ताईच्या मशीनवर ठेवला. ताईनं तो दगड उचलून नाकाशी धरला. रेल्वेच्या खडीला एक काळपट तेलाचा वास असतो. तो अजून होता म्हणे.

राहिली फक्त मागची सीट.

इथून पुढचं सांगताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

मागच्या सीटसाठी त्यांनी ताईला पूड टाकलेल्या फोमवर बसवलं. कापड उलटं केलं तर उजवीकडे पांढरा मोठा डाग आणि डावीकडे नुसती धूसर. भाऊजींनी उजवीकडे तिच्या भारासाठी खळगा केला आणि डावी मांडी अधांतरी राहू नये म्हणून डावीकडे खालून भर घातली. सीट एका बाजूला कललेली झाली. तशा उघड्या फोमवर तिला बसवून ते बोळातून बेकरीपर्यंत आणि परत, एवढी एक चक्कर मारून आले. ताई मागे उजवीकडे कललेली, त्यामुळे गाडी उजवीकडे ओढायची, मग भाऊजी स्वतः डावीकडे सरकून बसलेले. बेकरीवाला म्हणाला, “काका, तुमचं पटत नाही का?” गाडीवरून उतरवण्याआधी भाऊजींनी ताईच्या तोंडाकडे नाही, खांद्यांकडे पाहिलं. खांदे कानांशी होते.

“नाही जमली,” ते म्हणाले. “उतरले नाहीत.”

त्याच महिन्यात ताईच्या तपासण्या झाल्या आणि ती झीज नाही हे कळलं. हाडाचा कर्करोग होता आणि तो खुब्यापुरता राहिला नव्हता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आहे तोवर बसवा, फिरवा, मन रमवा, बसता येणं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मी सरळ दुकानात गेले. भाऊजींना म्हटलं, “या रविवारी तिला स्टेशनवर घेऊन जा.”

“सीट झालेली नाही.”

“उशी टाका! घोंगडी टाका! काहीही टाका!”

“खडीवर दणके बसतील तिला. उघड्या फोमवर नेऊ? कव्हरही नाही. अर्ध्या वाटेत तिला असह्य झालं तर तिथे कोण आहे?” आणि मग तेच, पालथ्या घड्यावर पाणी, “कच्चं काम मी बाहेर काढत नाही.”

आणि त्यांनी कामाला जे जुंपून घेतलं ते विचारू नका. गिऱ्हाइकांना परत पाठवू लागले. घट्ट फोम, मऊ फोम, दंतवैद्याच्या खुर्चीतून उरलेला फोम, थरावर थर. सोल्यूशन वाळेपर्यंत थांबायचं, मग ताईला बसवायचं, कापड उलटं करायचं. ताई वाळत चालली होती. एका आठवड्याचं माप पुढच्या आठवड्यात चुकायचं. कापडावरचा तो मोठा डाग बघता बघता लहान झाला. आधी तळव्याएवढा, मग चमच्याएवढा. मांस गेलं आणि हाडाचं टोक तेवढं उमटायला लागलं. भाऊजी कापड झटकायचे, पूड उडायची, आणि म्हणायचे, “अजून एक थर लागेल.” ताईनं कव्हर शिवलेलं असायचं ते उसवायची, पुन्हा बेतायची, पुन्हा शिवायची. बसवत नव्हतं तेव्हा उभ्यानं शिवायची. मला तो दोघांचा वेडेपणा बघवत नव्हता.

एका संध्याकाळी मी टेबलावर हात आपटून ओरडले, “दुखणं तिच्या हाडात आहे, भाऊजी! फोममध्ये नाही! तुम्ही काहीही कापलंत तरी तिचे खांदे उतरणार नाहीत!”

भाऊजींनी सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “हाड माझ्या हातात नाही गं. फोम आहे.”

मी ताईकडे गेले. तिला म्हटलं, तूच सांग ना. लाकडाच्या फळीवर बसून येईन म्हणावं. तू म्हटलंस तर ते ऐकतील.

“ऐकतील,” ताई म्हणाली. “पण मग सगळ्या वाटेत त्यांचं लक्ष रस्त्यावर राहायचं नाही, माझ्याकडे राहील. पाडतील दोघांना. आणि धाकटे, इतकी वर्षं मी मशीनवर बसून लोकांना सांगितलं की घाई असेल तर चालत जा. आता मीच घाई करू?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नवरा-बायकोच्या त्या कारभारात तिसऱ्याला जागा नव्हती. दोघांनी मिळून एक नियम केलेला, आणि तो नियम आता दोघांच्या उरावर बसलेला. एकानं तरी मोडायला हवा होता.

ताईनं मोडायचा प्रयत्न केला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. थंडी सरत आलेली, आभाळ निरभ्र, रविवारची सकाळ. मी गेले तर ताई जाड कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दुकानाच्या मागच्या दारात खुर्चीवर बसलेली. म्हणाली, “आज जाऊ या.” भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. उंट बोळात काढला. सीट अजून उघडीच होती, तिच्यावर कव्हर नुसतं अंथरलं. ताईला डावा पाय वर नेता येत नव्हता. भाऊजींनी गाडी धरली, मी तिला उचललं. माझी थोरली बहीण, लहानपणी मला कडेवर घेऊन फलाटभर फिरवणारी. तिचं वजन माझ्या हाताला लागलंच नाही.

ती बसली. उजवीकडे कलली. डोळे मिटले. दोन्ही हात भाऊजींच्या कमरेवर ठेवले, कारण भाऊजी आता पुढे बसले होते, एक पाय टेकून, किल्ली फिरवून. इंजिन सुरू झालं. निघायचं एवढंच बाकी होतं. भाऊजींनी आरशात पाहिलं. आरशात त्यांना काय दिसलं ते मलाही दिसत होतं. खांदे वर, कानांना लागलेले, कोटाची कॉलर खांद्यांनी वर उचललेली.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“उद्या जाऊ,” ते म्हणाले. “डावीकडे बोटभर कमी करतो. उद्या नक्की.”

मला वाटलं ताई रडेल, ओरडेल, त्यांच्या पाठीत बुक्की मारेल. मी असते तर मारली असती. ताई म्हणाली, “बरं.” आणि मी तिला खाली उतरवलं.

उद्या आलाच नाही. त्या रात्रीपासून तिला बसवेना, ती पडून राहिली, आणि पडून राहिली ती पुन्हा उठली नाही. भाऊजी तिच्या उशाशी बसून असायचे. अंथरुणाखाली त्यांनी चांगला फोम घातला होता, तेवढं त्यांना करता आलं. पान गळावं इतक्या शांतपणे ती एका दुपारी गेली. मी तेव्हा खिडकीवर तिकिटं फाडत होते.

मी भाऊजींशी बोलणं टाकलं. लोक म्हणायचे, बिचारा एकटा पडला, जाऊन बघत जा. मला त्यांची कीव येत नव्हती, मला त्यांचा राग येत होता. माझ्या बहिणीनं एक गोष्ट मागितली होती आणि ती गोष्ट एका आठवड्यात होण्यासारखी होती. तासत बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुकानावरून जायला नको म्हणून मी दोन गल्ल्यांऐवजी चार गल्ल्या चालत होते.

शेवटी ताईचे थोडे कपडे दुकानात राहिले होते ते आणायला मला जावंच लागलं. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत भाऊजी मशीनवर बसलेले. ताईच्या मशीनवर. त्यांना शिवायला येत नाही. पायाचा आणि हाताचा मेळ बसत नव्हता, सुई थांबत होती, दोरा तुटत होता, आणि ते जिभेचं टोक बाहेर काढून पुन्हा ओवत होते. मशीनवर तो खडीचा दगड होता. पुढ्यात रेक्झिन होतं. मला कळलं ते काय करतायत. कव्हर.

“वरातीमागून घोडं,” मी म्हटलं. माझी जीभही काही आखूड नाही.

त्यांनी तुटलेला दोरा पुन्हा ओवला.

“विकून टाका तो उंट. कशाला डोळ्यांसमोर?”

“कव्हर झालंच आहे,” ते म्हणाले. “तू रविवारी ये.”

“कशाला?”

“तुला न्यायचंय. मला स्टेशन माहीत नाही. मी पुलाच्या पुढे गेलेलो नाही.”

मी नाही म्हणून आले. आणि रविवारी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही, बहुतेक त्यांना वाटेत चार शब्द सुनवायचे म्हणून. उंट पुसून मागच्या दारात उभा होता. मागच्या सीटवर कव्हर चढवलेलं. ताईचं काम कसं असायचं ते मला ठाऊक आहे, सरळ रेघ, कडेला दुहेरी शिवण, टोक कुठे संपलं ते सापडू नये. ही शिवण साप गेल्यासारखी वाकडी होती. एका कोपऱ्यात तर दोरा तसाच लोंबत होता.

“शिवण वाकडी आहे,” भाऊजी म्हणाले. “असू दे.”

ज्या माणसानं आयुष्यात कच्चं काम दुकानाबाहेर काढलं नाही, तो हे म्हणाला. मी हेल्मेट चढवलं आणि मागे बसले.

फाट्यापर्यंत डांबरी रस्ता होता. तिथवर मला एवढंच जाणवलं की मी अवघडून बसले आहे. सरळ बसायला जात होते, पण सीट सरळ बसू देत नव्हती. डावीकडून काहीतरी वर ढकलत होतं, उजवीकडे खाली खळगा होता, मी त्यात घसरत होते. दोनदा सरळ झाले, दोनदा घसरले. फाटा सोडून खडीवर उतरलो तेव्हा दणके बसू लागले, तेव्हा मी हट्ट सोडला आणि सीट जशी नेईल तशी बसले. उजवीकडे कलून. कमरेत मोडून, डावा खुबा उचलून, मान जरा तिरकी.

मग मला कळलं की मी कशी बसले आहे. ती अशी बसायची. मशीनवर अशी, जेवताना अशी, दवाखान्याच्या बाकावर अशी. शेवटचं वर्षभर मी तिच्या समोर बसून तिला बघितलं होतं, पण ते आतून कसं असतं हे मला त्या खडीवर समजलं. आणि खरं सांगते, दुखत नव्हतं. दणके बसत होते ते वरच्या वर जिरत होते. सीट चांगली झाली होती. इतकी चांगली, की तिच्यासाठी यापेक्षा चांगली कुणी करू शकला नसता. माझे खांदे खाली आले होते. ते आपोआप आले, मी आणले नाहीत. रडू मात्र असं फुटलं की हेल्मेटच्या आत पाणी गोळा झालं.

पूल आला. पत्रे वाजले, धरले. भाऊजी पायठेवणीवर उभे राहून, हँडल सैल सोडून, सावकाश चालवत होते. गाडी उजवीकडे ओढत होती, माझ्या कलण्यानं. मी पाहिलं तर ते आधीच डावीकडे सरकलेले होते. बोळातून निघतानाच, मी नीट बसण्याच्याही आधी, ते डावीकडे सरकून बसले होते.

स्टेशन आलं ते एकदम आलं. झाडी वाढली होती. फलाट होता, नळाची नुसती नळी होती, आमच्या खोल्यांचं छप्पर खाली आलं होतं. बाकाचे दोन्ही लोखंडी पाय जागच्या जागी उभे होते. मधली फळी नव्हती. कुणीतरी कधीच नेली असावी. बसायला तिथे काही नव्हतं.

भाऊजींनी गाडी बाकाच्या समोर, फलाटाला लागून उभी केली. एक पाय फलाटाच्या कडेवर टेकला. तिथे त्यांची टाच पुरती टेकली. इंजिन बंद केलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरायला पाय उचलला.

“थांब,” ते म्हणाले. मागे वळले नाहीत. आरशातही पाहिलं नाही. “लगेच उतरू नकोस. अशीच बस थोडा वेळ.”

मी पाय खाली घेतला. त्यांना जे चार शब्द सुनवायचे होते त्यातला मला एकही आठवेना. मी पुन्हा उजवीकडे कलले, दोन्ही हात त्यांच्या कमरेवर ठेवले, आणि बसून राहिले.